फीत बांधलेला डबा

रांगेत पुढे सहा माणसं होती आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईला बारा कपकेकवर बारा वेगळे रंग हवे होते. एरवी मागे उभ्या असलेल्या लिफ्टवाल्या काकांनी एव्हाना घड्याळाकडे बघून चारदा ‘च्यक’ केलं असतं. आज त्यांना उशीर चालत होता. बेकरीवालीला काय काय ऐकवायचं ते मनाशी घोळवायला तेवढाच वेळ मिळत होता.

ते भांडायलाच आले होते. बायकोला तसं सांगून ठेवलं होतं, शनिवारी जातो आणि चांगली हजेरी घेतो तिची. पण तो शनिवार यायच्या आधीच, बुधवारी सकाळी, बायको गेली. चहाचं आधण ठेवायला उठली, ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला आता पाच आठवडे झाले. माणसं येऊन गेली, मुलगी महिनाभर राहून परत गेली, आणि लिफ्टवाल्यांना करण्यासारखं एवढं एक भांडण तेवढं उरलं. तिला दिलेला शब्द होता तो. माणसानं निदान तेवढा तरी पाळावा.

चौतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोर बघायचा, ब्रेक बघायचा, कुलूप बघायचं, आणि सगळं तीनदा बघितल्याशिवाय दार लावायचं नाही. निवृत्त झाले तरी खोड काही जात नव्हती. गॅस बंद केलास का, नीट बघितलंस का, असं सारखं चालायचं. बायको म्हणायची, “अहो, हा गॅस आहे. अठरावा मजला नाही.”

तिचा जीव होता या बेकरीतल्या ॲपल पायवर. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लिफ्टवाल्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं होतं, आणि बायको त्यावर वर्षभर हसत होती. मग अकरा वर्षांपूर्वी तिच्या रक्तात साखर निघाली. बेकरीवाली भली बाई. दर शनिवारी एक ॲपल पाय बिनसाखरेचा करू लागली. भाजून झाल्यावर सगळे सारखेच दिसतात, म्हणून त्याच्यावर ती मैद्याचं छोटंसं पान चिकटवायची. पान असलेला तो काकूंचा. लिफ्टवाले डब्याचं झाकण उघडायचे, पान बघायचे, झाकण लावायचे, दारात जाऊन पुन्हा उघडायचे. रांगेतली माणसं हसायची. हसेनात का.

बायको म्हणायची, तुम्ही कशाला शिक्षा भोगताय, तुमच्यापुरता गोड आणा. ते ऐकायचे नाहीत. घरात साखर नको म्हणजे नको. वर खाताना कुरकुर मात्र दर शनिवारी ठरलेली, पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतंय म्हणून. ती ऐकून घ्यायची आणि आपल्या वाटचं पान काढून त्यांच्या बशीत टाकायची.

त्या शेवटच्या शनिवारी डबा आधीच लाल फीत बांधून तयार होता. एवढ्या माणसांसमोर गाठ सोडत बसणं त्यांना बरं वाटलं नाही, तसाच घेऊन आले. घरी येऊन उघडतात तर पान नाही. त्यांचं डोकंच फिरलं. बघ, अकरा वर्षांत एकदा झाकण उघडलं नाही तर ही तऱ्हा! बायको म्हणाली, “राहू दे हो. आलाय तर तुम्ही खा. एक घास तरी खा.” ते कसले ऐकतात. सबंध पाय डब्यासकट, फितीसकट कचऱ्यात घातला. ती बराच वेळ त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत उभी राहिली. मग टेबलावर काढलेल्या दोन बशा तिनं परत कपाटात ठेवल्या. चांगल्या बशा होत्या, निळ्या काठाच्या. पाहुणे आले तरच निघायच्या. तेव्हा लिफ्टवाल्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्यांचा नंबर आला.

बेकरीवाली हसली, बऱ्याच दिवसांनी दिसलात म्हणाली. त्यांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. साखरेच्या पेशंटला गोड देता, पान लावायची शुद्ध नव्हती का, माणसाच्या जिवाशी गाठ असते, आमच्या धंद्यात असं केलं असतं तर खाली मुडदे पडले असते, असं सगळं घोकलेलं धडाधड बोलून टाकलं.

बेकरीवालीनं हात पुसले. “काका, चुकून नाही दिला तो. काकूच सांगून गेल्या होत्या, आदल्या दिवशी.”

“काय सांगून गेली?”

“उद्या पान नको म्हणाल्या. अकरा वर्षं माझ्यापायी बेचव खातायत, एकदा त्यांना गोड खाऊ दे. तुम्ही झाकण उघडाल म्हणून फीतसुद्धा त्यांनीच बांधायला लावली.” तिला आता पुन्हा हसू यायला लागलं होतं. “पहिल्या घासाला तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं त्यांना. मला येऊन सांगणार होत्या. आल्याच नाहीत. कसं झालं होतं हो तोंड?”

लिफ्टवाल्यांना ती लाल फीत दिसली, बटाट्याच्या सालांवर पडलेली. निळ्या काठाच्या बशा दिसल्या. अरे देवा, तिनं बशा काढल्या होत्या. एक घास तरी खा म्हणाली होती, आणि आपण तिला तीनदा तपासायचं शहाणपण शिकवत होतो.

खरं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण बेकरीवाली वाट बघत होती, आणि तिच्या डोक्यात ती शनिवारची संध्याकाळ अजून बायकोनं ठरवली होती तशीच्या तशी होती. जगात निदान एका ठिकाणी तरी ती तशी राहू दे, असं त्यांना वाटलं.

“मजा आली,” ते म्हणाले. “दोन तुकडे खाल्ले मी. ती समोर बसून बघत होती. फार हसली.”

“बघा! आणि भांडताय काय मग? आज काकूंना का नाही आणलं?”

“ती गेली. त्यानंतरच्याच बुधवारी.”

रांगेतल्या कुणीतरी हळूच खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. बेकरीवालीनं डोळे पुसले आणि विचारलं, “कुठला देऊ, काका? पानाचा?”

“नको. तिनं सांगितलेला,” ते म्हणाले. “फीत बांधून द्या.”

त्या दिवशी त्यांनी झाकण उघडून बघितलं नाही, काउंटरपाशी नाही आणि दारातही नाही.

घरी येऊन निळ्या काठाच्या दोन्ही बशा काढल्या, धुऊन पुसल्या, टेबलावर समोरासमोर ठेवल्या. फीत सोडून घडी करून खिशात घातली. मग ते आपल्या जागेवर बसले. खिडकीचा उजेड पाठीमागून येत होता, म्हणून उठून दिवा लावला आणि खुर्ची जराशी फिरवून घेतली. समोरून तोंड नीट दिसेल अशी. मग त्यांनी पहिला घास घेतला.