कॉफी मशीनवरची फळी

आमच्या कारखान्यात कॉफीच्या मशीनवर एक फळी आहे. ज्याच्या हातून रिॲक्टरच्या हंड्यात राळ गोठली, त्याच्या नावाचं त्या राळेचं ढेकूळ तिथे कायमचं बसतं. लॉनी टॅकेटचं बसलं होतं, आणि ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण ती राळ गोठवली होती रँडल स्टॅम्परने. व्हॉल्व्हपाशी थांबायचं सोडून तो फोनवर गुलुगुलु बोलत बसला आणि चौकशीत खापर फोडलं लॉनीवर. पेन्शन तोंडावर आलेल्या लॉनीला काढलं. रँडल साहेब झाला.

मला हे काम लॉनीनेच शिकवलं. ओहायो नदीच्या या काठावर आम्ही रंगासाठी राळ शिजवतो, एकेक घाणा. तेल, आम्ल, सगळं एकदम हंड्यात भरायचं, झाकण लावायचं, तापवत ढवळत राहायचं. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की थांबवायचं कधी. अधूनमधून थेंब काढून पत्र्यावर थंड करायचा, चिमटीत ताणायचा. हवी तेवढी तार आली की सगळा घाणा खालच्या थिनरच्या टाकीत सोडायचा. उशीर झाला की हंड्यातच दगड.

"तार आली की देवालाही विचारायचं नाही, पोरी," लॉनी सांगायचा. "सोडायचं."

त्या दिवशी मुख्य कचेरीतले मोठे साहेब आले होते. रुबाब दाखवायला रँडलने फर्मान काढलं की त्याच्या शब्दाशिवाय व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही.

तार आली. मी वॉकीटॉकी उचलला. "रँडल, माल तयार आहे. सोडू?"

"साहेबांबरोबर आहे मी. येऊन बघतो."

"हा थांबणार नाही."

"ट्विला, आता तू मला शिकवणार? हात लावू नकोस म्हटलं ना."

सगळ्या पाळीने ऐकलं. माझा हात व्हॉल्व्हच्या चाकावरच होता. फिरवला असता तर घाणा वाचला असता आणि मला कुणी काही बोललं नसतं. मी हात काढला, डबा उघडला आणि सँडविच खाल्लं. घास इतका गोड मला कधी लागला नव्हता. ढवळणारं पातं कण्हायला लागलं, मग थांबलं.

रँडल धावत आला, मागून मोठे साहेब. "हे काय करून ठेवलंस?"

"हात नाही लावला," मी म्हणाले. "तूच सांगितलंस."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला तो हंड्यात हातोडा घेऊन उतरलेला बघायचा होता. पण साहेबलोक उतरत नाहीत. राळ फोडायला बाहेरची टोळी बोलावली, आणि तिच्या गाडीतून सगळ्यात शेवटी उतरला लॉनी. नोकरी गेल्यापासून तो माझा फोनच घेत नव्हता. पोटासाठी हे करतोय, हे मला ठाऊकच नव्हतं.

तो दुखरे गुडघे घासत हंड्याच्या तोंडातून आत शिरायचा आणि दिवसभर ठोकत राहायचा. रँडल वर उभा राहून ओळख नसल्यासारखं करायचा.

काम संपल्यावर लॉनी ढेकूळ घेऊन कॉफीपाशी आला. भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल.

"तार आली होती?"

"आली होती."

"आणि हात व्हॉल्व्हवर होता?"

"होता. तुझ्यासाठी काढला, लॉनी. त्याचं नाव इथे लागावं म्हणून."

"माझ्यासाठी." तो बराच वेळ खोकला. "आणि आत गुडघ्यांवर कोण होतं गं? रँडल?"

मी रंगाचा डबा उघडला आणि ढेकळावर ठळक अक्षरांत 'स्टॅम्पर' लिहिलं. लॉनीने माझ्या हातातून ब्रश घेतला, खाली 'ट्विला' लिहिलं आणि ढेकूळ फळीवर ठेवलं. स्वतःचं जुनं ढेकूळ काढून काखेत मारलं आणि तो निघून गेला.

मागच्या आठवड्यात रँडल थिनर आणि चिंधी घेऊन फळीपाशी आला. म्हणाला, "दोघांचीही नावं पुसून टाकतो."

"पुसून तर बघ," मी म्हणाले. "माझं राहणार आहे, तसं तुझंही राहील."