मरुदाचलम मेस्त्रींचं नाक

"ह्या जगात माणूस खोटं बोलतो, मशीन खोटं बोलतं, सरकारी पाटी तर दोन-दोन भाषांत खोटं बोलते. पण माझं नाक आजवर एकदाही खोटं बोललेलं नाही," असं मरुदाचलम मेस्त्रींनी आपल्या गॅरेजात उभं राहून जाहीर केलं. आवाज असा लावला होता की रस्त्यापलीकडच्या नायरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनाही आपला ग्लास खाली ठेवावासा वाटला. मग मेस्त्री जे शिंकायला लागले ते थांबेचनात. ते सत्यवचनी नाक आदल्या रात्रीपासून सर्दीनं गच्च चोंदलेलं होतं.

समोर रामात्ताळ अम्मांची पांढरी डिझेल गाडी इंजिनावरचं टोपण उघडून उभी होती. अम्मा म्हणजे पोल्लाचीच्या नारळबाजारातलं मोठं नाव. वाल्पारैचा घाट चढताना गाडी मध्येच दम टाकायला लागली होती आणि स्टिअरिंगसमोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला होता. मेस्त्रींनी मशीनबिशीन न लावता ईजीआर उतरवला. इंजिनातून जळून आलेल्या धुरातला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी ही झडप. तिच्यावर काजळी धरली की गाडी धापा टाकते. काजळी होतीच, बोटभर. मेस्त्रींनी झडप तसराळ्यात घासघासून धुतली, पुन्हा बसवली, आणि आता कारण सांगणं आलं म्हणून डिझेलच्या टाकीचं झाकण काढून नाकाशी धरलं.

"रॉकेल," ते म्हणाले.

गाडीचा ड्रायव्हर आरुच्चामी बाजूलाच उभा होता. अम्मांचा मोठा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हापासून तो अम्मांकडे होता, आणि आता त्या मुलाच्या मुलाला शाळेत सोडत होता.

"डिझेल कुठं भरतोस रे?"

"आपल्या नेहमीच्या पंपावर, मेस्त्री."

"आणि रॉकेल?"

"रॉकेल आमच्या घरात चुलीला पण नाही."

"बरोबर. सगळं टाकीत ओततोस, चुलीला कुठून उरणार?"

टपरीवर कोणीतरी हसलं. हशा मिळाला की मेस्त्रींना थांबणं जमत नसे. "अम्मांचं डिझेल बाहेर विकायचं, टाकीत रॉकेल भरायचं, आणि वर विचारायचं, मेस्त्री, इंजिन खोकतंय का? खोकणार नाही तर काय भजन म्हणेल?"

अम्मा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शहाळं पीत होत्या. नारळाच्या धंद्यात राहून त्यांचा माणसांवरचा विश्वास पाणी काढून घेतलेल्या नारळासारखा झाला होता. हलवला तरी आवाज येत नसे.

"मेस्त्री, नक्की?"

"अम्मा," मेस्त्रींनी एक बोट वर नेलं आणि नाकाच्या शेंड्यावर टेकवलं.

एवढा पुरावा पोल्लाचीत पुरत असे. अम्मांनी शहाळं खाली ठेवलं आणि आरुच्चामीला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

खांद्यावरचा पंचा काढून आरुच्चामीनं स्टिअरिंग पुसलं, किल्ली टोपणावर ठेवली आणि चालू लागला. त्याच्या सीटखाली दुपारच्या दहीभाताचा स्टीलचा डबा होता. तोही त्यानं घेतला नाही. चोर म्हटल्यावर गाडीतलं काही उचलून नेणं त्याला बरं वाटलं नसावं.

दोनचार दिवसांतच अम्मांचा फोन आला.

"मेस्त्री, दिवा परत लागलाय."

"असं कसं होईल अम्मा?"

"तेच मी तुम्हाला विचारते. चोर गेला, मग दिवा कशाला राहिला?"

अम्मांच्या वखारीतल्या एका माणसानं गाडी आणून गॅरेजात सोडली आणि नाकाला रुमाल लावून निघून गेला. मेस्त्रींनी दार उघडलं आणि त्यांनाही तो वास आला. सर्दी आता बरी झाली होती. सीटखाली हात घालून त्यांनी डबा ओढला, झाकण उघडण्याचा विचार केला, आणि परत सीटखाली सारला. दुसऱ्याचा डबा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग नाइलाजानं त्यांनी जावयानं दिलेलं तपासणीचं मशीन काढलं. त्याच्या खोक्यात इतके दिवस वॉशर ठेवलेले होते. मशीन गाडीला जोडलं, तर ते म्हणालं की ईजीआरची झडप किती उघडली हे सांगणाऱ्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी आहे. डिझेलबद्दल किंवा रॉकेलबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. मेस्त्रींना ते मशीन पहिल्यापासून आवडत नव्हतंच.

मीटर घेऊन ते टोपणाखाली वाकले. झडपेवर बसणारा वायरींचा प्लग ओढून काढला आणि एकेक टोक तपासलं. गाडीकडून येणारे पाच व्होल्ट प्लगपर्यंत पूर्ण येत होते. अर्थिंग ठीक होतं. वायरी हातानं हलवून, पिळून पाहिल्या. आकडा ढळला नाही. प्लग परत लावला आणि मागच्या बाजूनं सुई टोचून सेन्सरचा आकडा पाहिला, तर जवळजवळ शून्य. म्हणजे वायर चांगली. झडप तर परवाच धुतलेली. प्लग आणि झडप जिथं एकमेकांना भेटतात, तिथंच काहीतरी बिनसलं होतं. झडप धुताना मेस्त्रींनी प्लग बसतो तो खाचा कोरडाच राखला होता, आणि प्लग न बघता, सवयीनं ओढून सवयीनं लावला होता. आता त्यांनी चष्मा लावला, टॉर्च पेटवली आणि झडपेच्या खाच्यात पाहिलं.

आत गंध होतं.

चांगलं गोल, चापूनचोपून लावलेलं चंदन आणि त्याच्या मधोमध कुंकू. कडेनं तांब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, देवळातल्या न घासलेल्या तांब्यासारख्या. मेस्त्रींनी सुईनं थोडं खरवडलं आणि नाकाशी नेलं. गुलाबपाणी आणि चिमूटभर भीमसेनी कापूर. असं चंदन पोल्लाचीत एकाच घरी उगाळलं जात असे, आणि ते उगाळणारी बाई त्यांना रात्री जेवायला वाढत असे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गावातल्या निम्म्या गाड्या मेस्त्रींच्या दारात उभ्या असतात. बाकीचे मेस्त्री टोपणावर तीन बोटं विभूती ओढतात, वर गंध टेकवतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. मरुदाचलमांचं तसं नव्हतं. ते इंजिन पुसून घेत, प्लग सोडवत, आणि आतल्या एकेका भागाला गंध लावत. "बाहेरच्या पत्र्याला गंध लावून काय उपयोग, देव आत बसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ह्या वर्षी अम्मांच्या गाडीचं इंजिन बघताना झडपेचा हा खाचा त्यांच्या डोळ्यांत भरला होता. अगदी कपाळासारखा. त्यांनी तिथं अंमळ जास्तच चंदन भरलं होतं आणि अंगठ्यानं प्लग दाबून बसवला होता. आरुच्चामी तेव्हा शेजारी हात जोडून उभा होता.

मेस्त्री स्टुलावर बसले. समोर धुण्याचं तसराळं होतं. त्यातल्या रॉकेलवर काजळीची साय धरली होती. त्या दिवशी टाकीचं झाकण नाकाशी धरण्याआधी आपले हात मनगटापर्यंत ह्याच रॉकेलात होते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. आठवलं नसतं तर बरं, म्हणून त्यांनी बोटं हुंगून पाहिली. नाक खरंच खोटं बोललं नव्हतं. ते हाताबद्दल बोलत होतं.

कान गरम झाले. गॅरेजात कोणी नव्हतं, तरी त्यांनी आधी टॉर्च विझवली.

मग जे हातांना येत होतं ते त्यांनी केलं. पिना खरवडल्या, फवारा मारून धुतल्या, खंगलेली पिन बदलली, प्लग बसवला. मशीनवर आकडा झडपेबरोबर शहाण्यासारखा वर चढला आणि खाली उतरला. पिवळा दिवा गेला. एरवी ह्यानंतर ते टपरीकडे तोंड करून चार शब्द बोलत. आज त्यांनी टपरीकडे पाठ करून अम्मांना फोन लावला.

"अम्मा, गाडी झाली. वायरिंगचा दोष होता. उंदरांचा त्रास फार झालाय हल्ली."

"उंदीर?"

"प्लगपाशी."

"बरं, पिंजरा लावते." अम्मा थांबल्या. "पण मग रॉकेल?"

मेस्त्रींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"मेस्त्री, रॉकेल उंदरानं आणलं का?"

मेस्त्रींनी घसा साफ केला. खोटं बोलायला त्यांना आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता. शेवटी ते आवाज खाली आणून म्हणाले, "अम्मा, उंदीर नव्हता. मी होतो. पूजेचं चंदन मीच आत भरलं. आणि रॉकेल माझ्या हाताला होतं."

पलीकडे अम्मांनी नारळ सोलणाऱ्यांना हात थांबवायला सांगितलं.

"चोर म्हणताना सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं," अम्मा म्हणाल्या. "आणि आता माझ्या कानात कुजबुजता? मला सांगून काय होणार? ऐकलं मीपण, बोलले मीपण. माझा फोन तो उचलत नाही. तुम्ही जा. चारचौघांत बोलला होतात, चारचौघांतच सांगा. त्याला घेऊन या, नाहीतर गाडी तिथंच राहू दे."

निघताना नायरनं टपरीवरून हाक मारली. "मेस्त्री, आरुच्चामीकडे चाललात? जपून हो. त्याची बायको मिरच्या घेऊन गेली बाजारातून. लाल. पिशवी भरून."

मेस्त्रींचा हात किल्लीवर थांबला. आनैमलैच्या माशाणी अम्मनच्या देवळात, ज्याला कोणी नाडलं असेल तो लाल मिरची वाटून न्यायाच्या दगडाला फासतो. मग ज्यानं नाडलं त्याच्या अंगाची आग होते. मेस्त्रींनी मिरची फासायला जाणारी खूप माणसं पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांना, ज्याच्या नावानं ती फासली जाई, त्या अनोळखी माणसाची गंमत वाटली होती.

"नायर," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं. आरुच्चामीनं काही केलेलं नाही. दोष माझा होता."

नायर चहा गाळता गाळता म्हणाला, "आणि नाक?"

"नाकाला हात धुवायची सवय नाही," मेस्त्री म्हणाले आणि गाडी सुरू केली. ह्या वेळी कोणी हसलं नाही, आणि त्यांनीही वाट पाहिली नाही.

सगळ्या रस्त्यात तो डबा सीटखालून वास सोडत राहिला. काचा उघडल्या तरी जाईना. गाडी मात्र चढावर पाखरासारखी चढत होती, आणि त्याचंच मेस्त्रींना जास्त वाईट वाटत होतं.

आरुच्चामीची वस्ती आनैमलैच्या वाटेवर होती. दारात त्याची बायको तंगमणी पाट्यावर लालभडक मिरची वाटत बसली होती. शेजारच्या दोन बाया ओट्यावर पोरांची डोकी विंचरत होत्या. मेस्त्री उंबऱ्याबाहेर थबकले. नाक चुरचुरायला लागलं.

"तंगमणी, ही मिरची... आनैमलैला?"

तिनं वर पाहिलं. "माशाच्या कालवणाला. का, आनैमलैला न्यायला हवी का?"

बाया विंचरायच्या थांबल्या. आरुच्चामी पंचा सावरत बाहेर आला आणि दारातल्या पांढऱ्या गाडीकडे, मग मेस्त्रींकडे बघत उभा राहिला. बसा म्हणाला नाही.

मेस्त्रींनी वाटेत भाषण तयार केलं होतं. ते मोठं होतं, त्यात देवही होता. तोंड उघडल्यावर त्यातलं काही निघालं नाही.

"चंदन मी भरलं होतं," ते म्हणाले. "झडपेत. पूजेला. तू शेजारीच होतास. त्यानं पिना खाल्ल्या, म्हणून दिवा लागला. आणि टाकीत रॉकेल नव्हतं. माझ्या हाताला होतं. मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो. नायरकडे सांगून आलोय. अम्मांना सांगितलंय. त्या म्हणतात, परत ये." मग त्यांना आठवलं की शेजारच्या बायांना अजून नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून ते वळून त्यांच्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "ह्यानं चोरी केली नाही. मी चुकलो."

एका बाईनं मान डोलावली, जणू ही गोष्ट तिला आधीपासून ठाऊक होती.

आरुच्चामी गाडीपाशी गेला. टोपण उघडून आत पाहिलं, बंद केलं. चालकाच्या बाजूचं दार उघडलं, आणि दोन पावलं मागं सरला. मग वाकून सीटखालचा डबा काढला आणि हात लांब धरून उभा राहिला.

"उद्या सकाळी अम्मांच्या नातवाला शाळेत सोडायचंय," तो म्हणाला. "सातला गाडी घेऊन जाईन म्हणून अम्मांना सांगा."

मेस्त्रींचे डोळे भरून आले. ते हात जोडणार, एवढ्यात आरुच्चामीनं तो डबा त्यांच्या जोडायला निघालेल्या हातांत ठेवला.

"आणि मेस्त्री, तेवढा हा घासून आणा. राखेनं घासा. रॉकेलनं नको."