पडद्यावरची पिशवी

पाळी जाऊन अक्कांना बरीच वर्षं झाली होती, म्हणून पुन्हा डाग दिसला तेव्हा त्यांनी तो गुपचूप धुऊन टाकला. लाँड्री त्यांचीच, विचारणार कोण? पण दुकानात सूनही राबत होती. मशीनमधून परकर काढताना धुऊनही न गेलेला डाग तिच्या नजरेस पडलाच.

"अक्का, हे कधीपासून चाललंय?"

"उष्णतेचं असेल. तू शर्टांकडे बघ."

"शर्ट कुठे पळून जात नाहीत. उद्या डॉक्टरकडे जायचं."

अक्कांनी आढेवेढे घेतले, मग मुलाच्या कानावर घालायचं नाही या अटीवर कबूल झाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. तिने ते अंगावर काढलं आणि ती गेली.

सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बारीक दुर्बीण घालून आत बघू. काही असलं तर तिथल्या तिथे काढू. पाळीत दुखतं तेवढं दुखेल."

टेबलावर अक्कांनी सुनेचा हात घट्ट आवळला. आत पाणी सोडलं तशी ओटीपोटात कळ आली, आणि पडद्यावर एक गुलाबी पोकळी उघडली.

"ही तुमची पिशवी."

अक्का कळ विसरल्या. "एवढीशी? अगं, तुझा चार किलोचा नवरा यात मावला होता?"

"म्हणूनच आता पलंगभर पसरतात," सून म्हणाली. सिस्टरलाही हसू आवरेना.

"हसा, पण हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. कोपऱ्यात द्राक्षाएवढा एक मांसल कोंब लोंबत होता. इवल्याशा कात्रीने त्यांनी तो देठापासून कापला आणि चिमट्याने ओढून बाटलीत टाकला.

"साधा दिसतोय. पण तपासून आल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

मग वाट बघणं आलं. गिऱ्हाइकांवर डाफरणाऱ्या अक्का पावत्यांवर चुकीचे आकडे लिहू लागल्या. शेवटी त्यांनीच अट मोडली आणि जेवताना मुलाला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मला परका समजलीस काय?"

"घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"घाबरलोच आहे. म्हणून काय सांगायचं नाही?"

रिपोर्ट आणायला तोच गेला. दुकानात येऊन दारातूनच म्हणाला, "कॅन्सर नाही. साधा मसा होता."

अक्का धुवायच्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या आणि बहिणीचं नाव घेऊन मोठ्याने रडल्या. मुलगा शेजारी टेकला. काउंटरवर एक गिऱ्हाईक पावती धरून उभं होतं. सुनेने त्याचे कपडे दिले आणि शटर अर्धं खाली ओढलं.