थोरली बोटीने गेली

आपण बोटीने जाणार असं थोरलीने सांगितलं, तेव्हा घरात कुणाचाच आपल्या कानांवर विश्वास बसला नाही. सुनेने हातातलं ताट खाली ठेवलं. मुलाने "कशाने?" म्हणून दोनदा विचारलं. आणि नवरा, ज्याची सगळी नोकरी समुद्राकाठच्या बसचं चाक फिरवण्यात गेली होती आणि जो निवृत्त झाल्यावरही घरात ड्रायव्हरसाहेबच राहिला होता, तो पायांत चपला सरकवून बाहेर पडला. बसचा अपमान झाला की तो असाच उठून जायचा.

त्यांचंही चुकलं नव्हतं. थोरलीला बोट लागायची, आणि साधीसुधी नाही. शाळेच्या सहलीत तिने बाईंची मांडी खराब केली होती, आणि तेव्हा बोट अजून धक्क्याला बांधलेलीच होती. त्या दिवसापासून तिने जो कानाला खडा लावला तो लावला. तिचं माहेर समोरच्या गावात. गच्चीवर उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली की तिथली घरं दिसायची. मधे समुद्र आत शिरलेला. बोट सरळ पाणी कापून जायची. रस्ता मात्र किनाऱ्याने वळसा घेत कड्यावर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. लग्नाआधी थोरली इकडे पडद्यांच्या दुकानात शिवायला यायची ती त्या रस्त्याने, बसने, आणि बसने येता येता ड्रायव्हरशीच तिचं जमलं. हिला बोट लागली नसती तर आमचा संसारच झाला नसता, हे ड्रायव्हरसाहेब आल्यागेल्याला सांगत.

पण त्याच रस्त्याने घात केला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. आईचं काही खरं नाही, असशील तशी नीघ, बोट सुटायची आहे ती पकड. थोरली निघाली, पण पाय बसकडे वळले. कड्यावर एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. त्याच्या मागे बस उभी, बसमध्ये थोरली, आणि चाकावर तिचाच नवरा. जी पकडायची ती बोट खालच्या पाण्यातून पुढे गेलेली तिने खिडकीतून पाहिली. ती माहेरच्या दारात पोचली तेव्हा आई गेली होती. आईने तिची दोनदा चौकशी केली होती, हेही तिला तिथेच कळलं. धाकटी दारात उभी होती. चार लोकांसमोर ती म्हणाली, "आईपेक्षा तुला तुझं पोट प्यारं."

थोरली तिला वळसा घालून आत आईपाशी जाऊन बसली.

तेव्हापासून बोलणं बंद. फोन केला की धाकटी उचलायची, आवाज ओळखायची आणि ठेवून द्यायची. थोरली एकदा बसने गेली, दार उघडलं नाही. एकदा मुलाच्या गाडीने गेली. शेजारीण म्हणाली की ती बाहेर गेली आहे, आणि हे सांगताना ती धाकटीच्या दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे बघायचं टाळत होती. थोरली पायरीवर बसून राहिली, आतला पंखा ऐकत. मग उठून आली.

म्हणून आता बोट. धाकटी समोरच्या गावाच्या धक्क्यावर तिकीट तपासायची. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला एकाच लोखंडी फाटकातून बाहेर पडावं लागे, आणि त्या फाटकात धाकटी हात पुढे करून उभी. माणूस कोण, कुठला, आवडता की नावडता, ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तिकीट घ्यायचं, फाडायचं, परतीचा अर्धा तुकडा हातात ठेवायचा. पण ड्रायव्हरसाहेबांनी जुन्या दोस्तांकडून बातमी आणली होती, की पुढच्या महिन्यापासून फाटकावर यंत्र बसणार आणि धाकटीला आत, काचेमागच्या खोलीत टेबल मिळणार. एकदा ती काचेमागे गेली की संपलं. आणखी एक बंद दार.

"घराचं दार ती उघडत नाही," थोरली म्हणाली. "तिकीट तर घ्यावं लागेल ना?"

मुलाला हे पटलं, पण अर्धंच. तो म्हणाला की मी तुला गाडीने तिकडच्या धक्क्यापर्यंत सोडतो, तू बाहेरून फाटकाशी जा, म्हणजे बोटही नको आणि त्रासही नको. थोरलीने त्याला समजावलं, की बाहेरून गेलं तर तिला फक्त पाठ फिरवायची असते आणि पाठ फिरवण्यात आपल्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. आतून आलेल्या माणसाला मात्र तिला तोंड द्यावंच लागतं. मुलाने आणखी दोन-तीन मार्ग काढून पाहिले. सून म्हणाली, निदान वारा पडेल त्या दिवशी जा. पण महिन्याचे दिवस वाऱ्यासाठी थांबणार नव्हते. थोरलीने उभा जन्म कापड कापलं होतं. एकदा कात्री लावली की मधे थांबून विचार करायचा नसतो, हात थरथरला तर कापड वाया जातं. तिने शनिवार ठरवला आणि विषय मिटवला.

झोपण्यापूर्वी ड्रायव्हरसाहेब एवढंच म्हणाले, की ट्रक आडवा झाला त्यात बसचा काय दोष. थोरली म्हणाली, बसचा दोष कधीच नव्हता, आणि तुमचा तर नाहीच. त्यावर ते कूस बदलून पडून राहिले. त्यांना झोप लागलेली नाही हे तिला कळत होतं.

शनिवारी सकाळी वारा सुटला होता. चांगले कपडे घालायचे म्हणून थोरलीने आधी काढून ठेवले होते, मग व्यवहार पाहून डाग न दिसणारे जुने, गडद रंगाचे घातले. पोटात चहाचा घोटही नाही. पर्समध्ये एक चिरलेलं लिंबू आणि सुनेने दिलेल्या गोळ्या. धक्क्यावर कर्ण्यातून सांगत होते, की समुद्र आज जरा खवळलेला आहे, ज्यांना जायचं नसेल त्यांनी पैसे परत घ्यावेत. बरेच जण खिडकीकडे वळले. मुलाने गाडी सुरूच ठेवली होती. दार उघडून तो आशेने बघत होता. थोरलीने त्याला गाडी बंद करायला सांगितलं, उगीच तेल कशाला जाळतोस म्हणून.

तिकीट काढून ती फळीकडे निघाली तेव्हा ड्रायव्हरसाहेब मागून आले. त्यांनी खिशातून कागदी पिशव्यांची एक चळत काढली. बसमध्ये ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी ते सीटखाली ठेवायचे त्याच पिशव्या. निवृत्त होताना सगळं जमा केलं, ह्या तेवढ्या घरी आणल्या होत्या.

"मधल्या बाकावर बस," ते म्हणाले. "पाण्याकडे बघायचं नाही. लांबचं काहीतरी धरून ठेवायचं, एक घर, एक झाड, काहीही. मी हे हजार लोकांना सांगितलंय."

"अहो, मग त्यांचं थांबलं का?"

"काहींचं थांबलं," ड्रायव्हरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

बोट सुटली आणि धक्क्याची भिंत संपताच थोरलीच्या पोटाने आपलं जुनं वैर उकरून काढलं. पहिली पिशवी तिथेच गेली. शेजारी एक गादीवाला बसला होता, गुंडाळलेल्या गाद्या घेऊन. त्याने एक शब्द न बोलता आपला माल बोटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, आणि मग स्वतः परत येऊन तिच्याशेजारी बसला. थोरलीला त्याही अवस्थेत त्याचं कौतुक वाटलं. तिने नवऱ्याचं ऐकून समोरच्या किनाऱ्यावरचं एक पांढरं घर नजरेने धरलं. घर वर गेलं, खाली आलं, नाहीसं झालं, पुन्हा आलं. दुसरी पिशवी. लिंबू हातातून निसटून बाकाखाली गेलं आणि प्रत्येक लाटेबरोबर इकडून तिकडे फिरत राहिलं. सुनेच्या गोळ्या पोटात ठरतील तर काम करतील ना!

आपण काय बोलायचं हे तिने रात्रंदिवस घोकून ठेवलं होतं. मी चुकले, इथून सुरुवात करायची. मग आईचं. मग दारातल्या चपलांचं, पण चिडून नाही. आता त्यातला एक शब्द आठवेना. डोकं धुऊन निघाल्यासारखं झालं होतं.

मध्यावर पाण्यात एक लाल पिंप तरंगत असतं. खलाशी वाकून तिच्याजवळ आला. त्याने सांगितलं, की ह्या पिंपाच्या अलीकडे कुणी आजारी झालं तर कप्तान बोट परत फिरवतो, पलीकडे गेल्यावर मात्र पुढेच जावं लागतं. सांगू का कप्तानाला? मागच्या बाकांवरचे दोन-चार जण लगेच हो म्हणाले. त्यांचेही चेहरे उतरले होते आणि आयती सबब चालून आली होती. थोरलीला मान वर करवत नव्हती. घरी परत, अंथरूण, थंड पाणी, न हलणारी जमीन, हे सगळं तिला इतकं हवंहवंसं झालं की डोळ्यांत पाणी आलं.

"मी आजारी नाही," ती पिशवीत तोंड असतानाच म्हणाली. "मला बोट लागते. पुढे चला."

खलाशाने गादीवाल्याकडे पाहिलं. बाई म्हणतात ना पुढे, मग पुढे, असं गादीवाला म्हणाला, आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पिंप हळूहळू मागे पडलं. थोरलीने पुन्हा ते पांढरं घर शोधून काढलं.

बोट धक्क्याला लागली तेव्हा पिशव्या संपल्या होत्या. कुणाच्या तरी आधाराने ती फळीवरून उतरली आणि रांगेत उभी राहिली. रांग फाटकाकडे सरकत होती. धाकटी दिसली. खाकी कोट, टोपी, कानशिलाजवळचे केस दोन वर्षांत पुरते पांढरे झालेले. ती चेहऱ्यांकडे बघतच नव्हती, नुसती तिकिटांकडे. हात पुढे, तिकीट, फाड, हात पुढे. थोरलीला वाटलं, हिने मान वर केलीच नाही तर? एवढं करून आपण फाटकाबाहेर, परतीचा तुकडा हातात, आणि हिला पत्ताच नाही?

तिची पाळी आली. पुढे झालेल्या हाताचा अंगठा आखूड होता, थेट आईचा. थोरलीने त्या हातात तिकीट ठेवलं. ते घामाने आणि देव जाणे कशाकशाने लिबलिबीत झालं होतं, फाडायचं म्हटलं तर फाटेना. तेव्हा धाकटीने मान वर केली.

ती बघत राहिली. मागचे लोक चुळबुळ करायला लागले.

"बाजूला उभ्या राहा," धाकटी म्हणाली. परक्या बाईला म्हणावं तसं.

थोरली कठड्याला टेकून उभी राहिली. ह्याच्याहून दार बंद असतं तर बरं, असं तिला क्षणभर वाटलं. पण ती हलली नाही. तिचं तिकीट धाकटीच्या मुठीत होतं आणि ते सोडून जायला ती आली नव्हती. उरलेली रांग सरकली. गादीवाला सगळ्यांत शेवटी आला. त्याने तिकीट दिलं, दोघी बायकांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गाद्या सावरत निघून गेला. धाकटीने फाटक ओढून घेतलं. आपलं बसायचं स्टूल आणलं, थोरलीच्या मागे ठेवलं, आणि खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं. मग बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून तिची हनुवटी पुसली. जोरात पुसली, लहान मुलाचं पुसतात तशी.

"किती वेळा झाली?" तिने विचारलं.

"मोजलं नाही. पिशव्या संपल्या."

"भावोजींच्या?"

"हो."

धाकटीने रुमाल पुन्हा भिजवला, पिळला. बराच वेळ पिळत राहिली.

"मी तुला तेव्हा बोटीने ये म्हणाले होते."

"हो."

"तेव्हा यायला हवं होतंस, ताई."

"हो," थोरली म्हणाली. पाठ केलेलं सगळं वाहून गेलं होतं आणि एवढंच उरलं होतं.

धाकटीचा चेहरा वाकडा झाला. तिने तो टोपीखाली लपवायचा प्रयत्न केला, पण स्टूलवर बसलेल्या माणसापासून टोपीखाली काही लपत नाही. थोरलीने तिचा कोट धरला. दोघी रडल्या, आवाज न करता, कारण कामाच्या जागी धाकटी आवाज करत नसे. मग नाक पुसून धाकटीने मूठ उघडली. ओलं तिकीट बोटांनी ताणलं, नीट धरलं, आणि जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही भागांचे मिळून तुकडे केले.

"परतीचंपण फाडलंस," थोरली म्हणाली.

"परत बोटीने जायचं नाही. संध्याकाळी बसने जा."

"मी बोटीनेच जाणार."

"बसने जायचं म्हणते ना मी. मी येते तुझ्याबरोबर. भावोजींना कळव, तिकडच्या थांब्यावर उभे राहा म्हणावं."

थोरलीने मान वळवली. समुद्राच्या डाव्या अंगाला कडा दिसत होता, त्यावर रस्त्याची पातळ रेघ, आणि रेघेवरून काहीतरी सावकाश चढत होतं.

"आणि कड्यावर ट्रक आडवा झाला तर?" तिने विचारलं.

धाकटीने तिकिटाचे तुकडे फाटकाजवळच्या डब्यात टाकले.

"झाला तर झाला," ती म्हणाली. "बसू दोघी."