रागावलेल्या घरात तामाले शिजत नाहीत

टोपाला तोंड असतं, पण त्यावर झाकण ठेवायची लोकांना सवय असते. आज झाकण धुऊन कुंपणावर वाळत टाकलंय, तेवढ्यात बोलून घेतो.

मी एक टोप आहे. ॲल्युमिनियमचा, उंच, पोटात भोकांची चाळणी असलेला. तुमच्या मोदकपात्राचा दांडगा भाऊ समजा. माझ्यात तामाले उकडतात: चरबी घालून मळलेलं मक्याचं पीठ, आत लाल मिरचीत शिजवलेलं मांस, वरून कणसाच्या वाळक्या सालीचं पांघरूण.

माझा जन्म नदीपलीकडचा, मेक्सिकोतल्या मोन्तेरे शहरातला. मातामोरोसच्या बाजारात एर्मेलिंदाने मला घेतलं तेव्हा ती नवी नवरी होती; मानाची 'दोन्या', म्हणजे बाई, ती पुढे झाली. मला कडेवर घेऊन ती पूल ओलांडून टेक्ससमध्ये, ब्राउन्सव्हिलला आली. पुलावरच्या शिपायाने माझ्या पोटात डोकावून पाहिलं, हसला आणि "जा" म्हणाला. माझे कागद कुणी मागितले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर आला की मला मागच्या अंगणातल्या मोठ्या शेगडीवर चढवतात. लांब टेबलाभोवती बायका बसतात, साली पसरतात, पीठ लावतात, गावाची उणीदुणी काढतात. माझ्या तळाशी पाण्यात एक नाणं टाकलेलं असतं. पाणी उकळतंय तोवर ते खणखणत राहतं. ते गप्प झालं की पाणी आटलं, धावा. आणि माझ्या दोन्ही कानांना सालीच्या चिंध्या बांधतात, म्हणजे घरातली भांडणं मला ऐकू येऊ नयेत. कारण रागावलेल्या घरात तामाले शिजत नाहीत. कितीही जाळ घाला, कच्चेच राहतात. चुकून तसं झालंच, तर ज्याने राग आणला त्याने माझ्याभोवती नाचायचं. मी हसलो की तामाले शिजतात.

हे खरं आहे का, ते मला विचारू नका. मी फक्त कोण नाचलं ते सांगतो.

दोन्या एर्मेचा मुलगा आन्सेल्मो. त्याला सगळे चेमो म्हणत. शेजारच्या घरातला फिदेन्सिओ, म्हणजे फिदे, त्याच्याच वयाचा. चेमो इथे जन्मला. फिदे तान्हा असताना आईच्या कडेवर तोच पूल ओलांडून आला, ज्यावरून मी आलो. दोघं एकाच बाकावर शिकले, एकाच दिवशी सैन्यात भरती झाले. व्हिएतनामला निघायच्या आधी फिदे अंगणात आला आणि आजोबांनी दिलेला जुना पेसो त्याने माझ्यात टाकला.

"दोन्या, तुमचं नाणं झिजलंय. हे वाजू दे."

"अरे, आजोबांची आठवण ना ती? जवळ ठेव."

"तिकडच्या जंगलात काय विकत घेऊ? परत आलो की मागून घेईन."

"नाण्याचं निमित्त आहे, अमा," चेमो म्हणाला. "याला जन्मभर आपल्या तामाल्यांवर हक्क सांगायचाय."

फिदेने भरती होताना हात वर करून देशाची शपथ घेतली होती. शपथ घेतली म्हणजे आपण या देशाचे झालो, असं त्याला वाटलं. त्या गल्लीतल्या सगळ्यांनाच वाटलं. नागरिक व्हायला वेगळा अर्ज करावा लागतो, हे बंदूक हातात देणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही.

त्या नाताळात दोन्याने माझ्यातले तामाले डब्यात भरून युद्धावर पाठवले. पोहोचेपर्यंत त्यांना हिरवी बुरशी धरली होती. दोघांनी चाकूने बुरशी खरवडली आणि चिखलात बसून ते खाल्ले. मग फिदेने साली चोखल्या.

दोघं परत आले. चेमोचा एक पाय नीट वाकेना, फिदेच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा राहून गेला. येणाऱ्याजाणाऱ्याने पाठीवर थाप मारली आणि आपापल्या कामाला गेला. माणसांची ही सवय मी पाहून ठेवली आहे. थाप मारायला एक हात पुरतो, आधार द्यायला दोन लागतात.

पहिल्याच डिसेंबरात चेमोच्या बहिणीच्या, कुकाच्या हातून माझं झाकण फरशीवर आदळलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चेमो टेबलाखाली आडवा, आणि त्याला झाकून वर फिदे. पिठाचे हात तसेच धरून बायका थिजल्या. माझ्यातलं नाणं तेवढं वाजत होतं.

मग टेबलाखालून फिदेचा आवाज आला. "दोन्या, या टेबलाला खालून वाळवी लागलीय."

सगळ्याजणी हसल्या. दोन्या हसली नाही. तिने झाकणाखाली दुपदरी ओलं फडकं घातलं. ते आजतागायत आहे.

फिदे विनोद करायचा, चेमो चिडायचा. बेकरीतल्या रांगेवरून, वर्तमानपत्रावरून, पायावरून, देवावरून. एके दिवशी तो तणतणत अंगणात आला तशी दोन्याने पळी उगारली.

"तिथेच थांब. तुझा राग आत आणू नकोस. माझे तामाले कच्चे राहतील."

"मग कुठे ठेवू, अमा?"

"मला काय विचारतोस? पुढच्या ओसरीवर ठेव. कागदावर ठेव. माझ्या टोपाजवळ नको."

तो खरंच ओसरीवर जाऊन बसला आणि पिठाच्या रिकाम्या कागदी पिशवीवर लिहू लागला. लेखक घडवण्याच्या शाळा निघाल्यात म्हणे. आमच्या घरात लेखक घडला तो टोपाजवळून हाकलल्यामुळे. चार ओळी झाल्या की तो अंगणाच्या कडेला उभा राहून वाचून दाखवायचा. बायका पीठ थापता थापता ऐकायच्या, आणि त्यांच्यासारखे निर्दय संपादक मी दुसरे पाहिले नाहीत.

"मानवी यातनांचा अथांग महासागर," त्याने एकदा वाचलं.

"कुठला रे हा?" कुका म्हणाली. "आपल्याकडे तर खाडी आहे. कोण मेलं ते सांग ना."

"एक सैनिक."

"नाव नव्हतं त्याला? बहीण नव्हती?"

चेमो पाय आपटत ओसरीवर गेला आणि त्या सैनिकाचं नाव लिहून परत आला. बहिणीचंही. त्या दिवशी कुणी त्याची चेष्टा केली नाही.

पुढे त्याचं लिखाण छापून आलं, पुस्तक झालं. त्या ओसरीवर गावातले माजी सैनिक जमू लागले. ज्याचे कान गेले तो, ज्याची झोप गेली तो, ज्याला चार खिडक्यांवरून पाचवीकडे पाठवलं तो. सगळ्यात जवळचा सैनिकी दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चेमो त्यांना बसमध्ये घालून घेऊन जायचा, साहेबांच्या टेबलासमोरून हलायचा नाही. बसमध्ये माझे तामाले असायचे. उपाशी माणसाला "उद्या या" म्हणणं सोपं असतं. जेवलेला माणूस बसून राहतो.

फिदे मात्र हातातून निसटत होता. खांदा ठणकायचा. आधी गोळ्या, मग पावडर. पुडीसकट पकडला गेला. सरकारने दिलेल्या वकिलाने सांगितलं, कबूल कर, लवकर सुटशील. त्याने कबूल केलं. शिक्षा संपली त्या दिवशी चेमो तुरुंगाच्या फाटकाशी गाडी घेऊन उभा होता. दुसऱ्या फाटकातून फिदेला वेगळ्याच गाडीत घातलं आणि पुलावर नेऊन सोडलं. तू इथला नाहीस म्हणाले. जा.

टोप पूल ओलांडून आला तर चालतो. खांद्यात या देशाच्या लढाईचं लोखंड घेऊन फिरणारा माणूस चालत नाही.

फिदे मातामोरोसमध्ये एका खोलीत राहू लागला. पंखे दुरुस्त करायचा. दर नाताळात कुका माझे तामाले फडक्यात बांधून पलीकडे नेऊन द्यायची. तो विचारायचा, "माझं नाणं वाजतंय ना?"

वर्षं गेली. फिदेला परत आणायला चेमोने अर्ज केले, खेटे घातले. शेवटच्या नकाराच्या वेळी खिडकीतल्या साहेबाने अगदी सभ्यपणे सांगितलं, "जिवंतपणी अवघड आहे. पण ते वारले, तर राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळू शकते. वर झेंडाही."

तो साहेब खोटं बोलत नव्हता. कायदाच तसा होता. उभा आला तर गुन्हेगार, आडवा आला तर वीर.

चेमो तिथून सरळ अंगणात आला. डिसेंबर होता, मी चढलेलो होतो. या वेळी त्याला पळी अडवू शकली नाही. त्याने टेबलावर मूठ आपटली, साली उडाल्या, तोंडात येईल ते तो बोलला. त्याला धडधडीत दिसत होतं की फिदे आता पेटीतूनच येणार.

दुपारी झाकण उघडलं. पीठ सालीला चिकटलेलं, आत पांढरं, कच्चं. सगळेच्या सगळे.

"नाच," दोन्या म्हणाली.

"अमा, मस्करी नको."

"मी मस्करी करतेय? ऐंशीच्या घरातली बाई पहाटेपासून पीठ मळतेय. फिदेला न्यायचे तामाले आहेत हे. नाच."

पांढऱ्या केसांचा, पुस्तकं लिहिलेला माणूस, ज्याला बघून कचेरीतले लोक फायली लपवायचे, तो एका टोपाभोवती लंगडत नाचू लागला. कुकाने टाळ्या धरल्या. आधी तो दात ओठ खात नाचला, मग हसू लागला, मग रडू लागला. पण थांबला नाही. दोन्याने माझ्यात गरम पाणी ओतलं, जाळ वाढवला. नाणं पुन्हा बोलू लागलं.

तामाले शिजेपर्यंत त्याने दोन्याला नवा लेख वाचून दाखवला. माजी सैनिकांच्या तक्रारी ऐकायला साहेबांनी बोलावलेल्या सभेत वाचायचा होता. त्यात शिव्याच शिव्या होत्या.

"हे ऐकून ते काय करतील?" दोन्याने विचारलं.

"त्यांना लाज वाटेल."

"शिव्यांची कुणाला लाज वाटते, बाळा? शिव्या काढ. बुरशी ठेव."

"कसली बुरशी?"

"तामाल्यांची. आणि टेबलाखाली तुझ्यावर कोण पडलं होतं, ते लिही."

त्याने लिहिलं. सभेत वाचलं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी घड्याळं पाहिली. मागच्या रांगेत एक निवृत्त वकील बाई बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्या म्हणाल्या, "या माणसाने गुन्हा कबूल केला तेव्हा त्यामुळे देश सोडावा लागेल, हे त्याला कुणी सांगितलं होतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. चेमोने स्वतःनेही नाही.

"नाही," तो म्हणाला. "उलट लवकर घरी जाशील म्हणाले."

"मग तो खटलाच टिकत नाही," बाई म्हणाल्या.

कचेऱ्या सावकाश हलतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर त्या वाट पाहत बसतात की काय, असं मला वाटतं. पण बाई चिवट होत्या आणि चेमो त्यांच्याहून चिवट. जुना खटला रद्द झाला. मग परतीचा परवाना आला.

तोवर दोन्या एर्मेला ऐकू येईनासं झालं होतं. नाणं वाजतंय का हे पाहायला ती फडक्यातून माझ्या पोटावर तळहात ठेवते. थरथर लागली की मान हलवते. मागच्या डिसेंबरात ती तशीच हात ठेवून बसली होती, आणि फाटकातून चेमोच्या खांद्याला धरून फिदे आत आला. स्वतःच्या पायांवर. हातात एक दुरुस्त केलेला पंखा.

टेबलाभोवतीच्या सगळ्याजणी उठल्या. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत, कान देऊन उभा राहिला.

"अजून तेच?" त्याने विचारलं.

"तुझंच," कुका म्हणाली. "काढून देऊ?"

"राहू दे. तुमच्या टोपाला सवय झालीय."

दोन्याने त्याला जवळ ओढलं, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "मनात राग आहे का रे? असेल तर तामाले कच्चे राहतील."

"आहे ना, दोन्या," तो तिच्या कानाशी ओरडला. "भरपूर आहे."

"मग नाच."

"एकटा नाचू? हा काय नुसता बघणार?" त्याने चेमोची बाही धरली. "चल रे कोंपा, दोस्ता. तुझा पाय, माझा खांदा, मिळून एक धड माणूस होईल."

दोन म्हातारे माझ्याभोवती फिरले. एक लंगडत, दुसरा हात वर न करता. मी हसलो की नाही ते सांगत नाही. झाकण उघडलं तेव्हा साली अलगद सुटत होत्या. एकही तामाल कच्चा नव्हता. फिदेने पहिला खाल्ला, बोटं चाटली आणि साल तोंडात धरून तसाच चोखत बसला. टेबलाच्या टोकाला चेमोने इतका मोठा श्वास सोडला की कुका म्हणाली, "वाफ टोपाची सुटली की तुझी?"

आता माझा तळ पातळ झालाय. एक कान तुटला होता, तो फिदेने पंख्याच्या तारेने बांधून दिलाय. म्हातारपणी एवढं पुरे.

मागणं एकच. पुलापलीकडे अजून त्याच्यासारखी माणसं आहेत, पंखे दुरुस्त करत बसलेली. चेमो सकाळपासून ओसरीवर लिहितोय, आज फिदे शेजारी बसून त्याची चेष्टा करतोय, आणि त्यांचं भांडण मला इथवर ऐकू येतंय. चांगलं आहे. पण कधी ओसरीवरून आवाज आला नाही, तर सगळं निवांत झालं असं समजू नका. नाणं गप्प झालं की पाणी आटलेलं असतं. धावा आणि पाणी घाला.