दहा महिने दाराशी

बंडूने पिशवीतून वीस बाजूंचा फासा काढला, टीपॉयवर ठेवला आणि लगेच उचलून पुन्हा पिशवीत टाकला. आपण कशासाठी आलो आहोत हे अजून वहिनींना सांगितलंच नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं असावं.

सुलू चहाचे कप घेऊन आली तेव्हा तिघेही जागा शोधत होते. घरातलं अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. गुरुवारी ते कुंडलिकच्याच टेम्पोतून पुण्याला जायचं होतं, मुलाकडे, अद्वयकडे. नवऱ्याला, केशवला, जाऊन दहा महिने झाले होते आणि आईने भोरला एकटीने राहू नये, हे अद्वयने दहाही महिने फोनवर सांगून शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मग नूतन खिडकीच्या कट्ट्यावर बसली, बंडू गुंडाळलेल्या गादीवर, आणि कुंडलिक उभाच राहिला. आपल्या वजनाला खोकं टिकायचं नाही, असं म्हणाला.

हा खेळ भोरला आणला अद्वयनेच. कॉलेजात असताना एका दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याहून एक मोठा खोका घेऊन आला. त्यात नकाशे होते, चित्रविचित्र फासे होते आणि विटेएवढं जाड नियमांचं पुस्तक होतं. सुट्टीभर बापलेक त्यात बुडाले. सुट्टी संपली, मुलगा गेला, खोका राहिला. केशव नुकताच मोजणी खात्यातून निवृत्त झाला होता. जन्मभर त्याने लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता त्याने कुणाच्याच मालकीचा नसलेला एक देश काढला. त्याला निरगुड असं नाव दिलं आणि खेळायला माणसं गोळा केली.

खेळ ऐकायला सोपा होता. एकाने सांगणारा व्हायचं. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा आणि तो माणूस होऊन बोलायचं. सांगणारा म्हणणार, तुम्ही नदीपाशी आलात, नाव पलीकडे आहे, काय करता? ज्याला जे सुचेल ते त्याने सांगायचं आणि फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, नाहीतर भिजलात. शेजारच्या चंद्राबाईंना पहिले सहा महिने वाटत होतं की आत तीनपत्ती चालते.

माणसं निवडताना मात्र तिघांनी कमाल केली होती. मार्गासनीचा कुंडलिक, ज्याच्या एका हाकेने शिवारातली गुरं थबकतात, तो झाला मुंगीलाही न मारणारा वैदू. केशवने एकदा त्याच्या बांधाची मोजणी केली होती. तीत कुंडलिकचेच दोन गुंठे शेजाऱ्याकडे गेले, तरी मोजणी खरी होती म्हणून तो साहेबांचा मित्र झाला. नूतन वेल्ह्याच्या तहसील कचेरीत होती आणि निम्मी वाक्यं 'माफ करा' म्हणून सुरू करायची. तिने घेतली दुर्गी नावाची दरोडेखोर, आणि पहिल्याच वर्षी दोन खजिने साफ केले. खालच्या मेडिकलवाल्या बंडूने पळपुटा राजपुत्र घेतला. त्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागलं नाही, असं केशव म्हणायचा.

नऊ वर्षं दर रविवारी तीन ते सात. सुलू तेव्हा पोस्टात होती. सहा दिवस काउंटरवर शिक्के मारायचे आणि हक्काचा रविवार निरगुड देशाने खायचा. चार फेऱ्या चहा, कधी भजी, कधी उपमा. कामाचा तिला कंटाळा नव्हता. माणसंही तिला आवडायची. राग होता तो एकाच गोष्टीचा. नऊ वर्षांत केशव तिला एकदाही म्हणाला नाही की तूही बस. म्हणाला असता तर ती कदाचित नाहीच म्हणाली असती, पण विचारायला काय जात होतं. मग ती आत कपड्यांच्या घड्या घालायची. बाहेरून हसण्याचा आवाज आला की मधलं दार लोटून घ्यायची.

कुंडलिकने चहा संपवला, कप खोक्यावर ठेवला आणि घसा साफ केला.

"वहिनी, आमी अजून दाराशीच उभं हाय."

तो कशाबद्दल बोलतो आहे ते तिला लगेच कळलं नाही. मग नूतनने सांगितलं. निरगुडातल्या एका गावाचा झरा आटला होता. तो वर डोंगरात कुणी अडवला हे शोधायला हे तिघं निघाले, आणि नऊ वर्षं चालून शेवटी उगमापाशी पोचले. तिथे एक दगडी घर होतं. केशवदादा म्हणाले, दार बंद आहे, आत दिवा आहे, बाकीचं पुढच्या रविवारी. आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, गालाला दाढीचा साबण लावलेला असतानाच केशव गेला.

"आता तुम्हीही चाललात," बंडू म्हणाला. त्याला पुढचं बोलायला जड जात होतं. त्याचं म्हणणं असं होतं की केशवरावांच्या वहीत सगळं लिहिलेलं असणारच. ते काही विचारलं की आधी वहीत बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. शेवट काय आहे तेवढा एकदा कळला, की खेळ रीतसर संपला असं म्हणता येईल. असं अधांतरी बरं वाटत नाही. नूतन मान खाली घालून ऐकत होती. खेळ संपायला हवा असं तिच्या चेहऱ्यावरून मुळीच दिसत नव्हतं.

सुलू आत गेली. वही कुठल्याच खोक्यात नव्हती. ती कपाटात, केशवच्या स्वेटरखाली होती, एका रुमालात गुंडाळून ठेवलेली. दहा महिन्यांत त्याचे कपडे तिने वाटले, चष्मा दिला, औषधं खाली बंडूच्या दुकानात परत केली. वही मात्र उघडली नव्हती. तीत केशवचं एक अख्खं जग होतं आणि त्या जगात आपल्याला जागा नव्हती, हे तिला माहीत होतं. ते उघडून पाहून खात्री करून घेण्यात काय अर्थ होता? आता ही माणसं मागतायत तर देऊन टाकावी. घेऊन जा म्हणावं, आणि विषय संपवावा.

तिने रुमाल सोडून वही टीपॉयवर ठेवली. लाल कापडी पाठीची, लांबट, सरकारी कचेरीतल्यासारखी.

"घ्या. तुमचीच आहे."

कुणीच हात लावला नाही. कुंडलिक तर एक पाऊल मागे सरला. बंडूने गादीवर बूड सरकवलं आणि नूतनकडे पाहिलं.

"माफ करा वहिनी," नूतन म्हणाली, "पण खेळणाऱ्याने वही उघडायची नाही. तसा नियम आहे."

सुलूला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. ज्याचा नियम तो माणूस राहिला नाही, उरलेली तिघं पन्नाशीच्या आसपासची, एकाची मुलगी लग्नाला आलेली, आणि अजून नियम पाळतायत.

"मग कोण उघडणार?"

"तुमी वाचा की," कुंडलिक म्हणाला. त्याच्या दृष्टीने हा प्रश्न सुटलेलाच होता. "तुमी खेळात न्हाई. तुमास्नी चालतंय."

तो साधेपणाने बोलला होता. त्याच्या मनात काहीही नव्हतं, हे तिलाही कळत होतं, तरी ते वाक्य लागायचं तिथे लागलंच.

"हो," ती म्हणाली. "मी खेळात नाही."

ती पुस्तकांच्या ट्रंकेवर बसली, चष्मा लावला आणि वही उघडली, मधूनच कुठेतरी. पानाच्या वरच्या बाजूला तारीख होती, रविवारची. बाजूला पेन्सिलीने नदीचं वळण काढलेलं. केशवचं बारीक, एकसारखं अक्षर. तिने मनातच वाचलं. पूर आला आहे. नावाडी दारू पिऊन पडला आहे. तिघे अलीकडे अडकले. पुढे?

त्याखाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं. सु. – नावाड्याला उठवू नये. त्याच्या बायकोला हाक मारावी. नाव खरी तीच चालवत असणार.

सुलूने ते दोनदा वाचलं. पुढचं पान उलटलं. राजपुत्र घाबरून मागे राहतो. पुढे? सु. – राहू दे. घाबरट माणूस वाट नीट बघतो, परतताना तोच उपयोगी पडेल. आणखी एक पान. दुर्गीने देवळातला खजिना लुटला. शिक्षा काय? सु. – शिक्षा नको. तिला तिथेच आठ दिवस कारकुनी करायला लावावी, आपोआप जमिनीवर येईल.

हे आपण कधी बोललो?

मग तिला आठवलं. सोमवारी सकाळी ती डबा भरत असायची, कामावर जायची घाई असायची आणि केशव ओट्याला टेकून मध्येमध्ये करायचा. समजा एखादा नावाडी असला, असं काहीतरी सुरू करायचा. ती पोळीवरून नजर न उचलता तोंडाला येईल ते सांगायची. निवृत्त माणसाचा वेळ जात नाही, असं ती नूतनजवळही एकदा म्हणाली होती. तो मात्र 'बरं' म्हणून लगेच बाहेरच्या खोलीत जायचा. तो कुठे जायचा, ते ती आता पाहत होती.

प्रत्येक पानावर, प्रत्येक रविवारच्या खाली, सु. होतं. पोस्टात उशीर झाल्याच्या एका सोमवारी तिने चिडून 'मला काय विचारता, मरू देत सगळे' असं म्हटलं होतं. तेही इमानेइतबारे लिहिलेलं होतं, आणि पुढे कंसात 'उद्या पुन्हा विचारणे'.

"वहिनी?" बंडू म्हणाला. "काय लिहिलंय?"

"त्या नावाड्याची बायको," तिने मान वर न करता विचारलं, "होती का रे खेळात?"

"होती म्हणजे!" नूतन खिडकीतून पुढे सरकली. "तिच्यामुळे तर आम्ही वाचलो. भर पुरात नाव घातली तिने. मी अजून तिची आठवण काढते. केशवदादांना कुठून सुचायचं कुणास ठाऊक."

आधी सुलूला रागच आला. एवढं होतं तर सांगायचं नाही का? नऊ वर्षं मधल्या दाराआड बसवून ठेवलंत, आणि एकदा तोंड उघडून सांगवलं नाही? मग रागाच्या पाठोपाठ डोळे भरून आले, आणि रडणं तिघांसमोर नको म्हणून तिने वही चेहऱ्यासमोर उभी धरली. तिला केशव हवा होता. भांडायला हवा होता, आत्ता, या खोलीत.

तिने पानं उलटत शेवटची नोंद काढली. त्या रविवारी रात्री बसून लिहिलेली असणार. दगडी घर. दार बंद, आत दिवा. दार कोण उघडतं? त्याखाली दुसऱ्या शाईने सु. लिहून पुढे छोटी रेघ मारून ठेवलेली होती. सकाळी विचारायचं म्हणून तयारी करून ठेवलेली. रेघेपुढे काही नव्हतं. पुढची पानंही कोरी होती.

बाहेर चंद्राबाई कुणाला तरी दुधाची बाटली परत द्यायला सांगत होत्या. कुंडलिकच्याने राहवलं नाही.

"कोन उघडतंय वो दार?"

तिघेही तिच्याकडे बघत होते. आता ती जे म्हणेल त्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता. राजा म्हणाली असती तर राजा, राक्षस म्हणाली असती तर राक्षस. मग आभार मानून, वहीला नमस्कार करून आपापल्या घरी गेले असते. सुलूने त्या रेघेकडे पाहिलं. सोमवारी सकाळी विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, याचा तिने विचार केला. फार वेळ लागला नाही.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "त्या दाराला कडी नाहीये. दहा महिने बाहेर उभे आहात, एकाने तरी ढकलून पाहिलंत का?"

नूतनने दोन्ही हात ओठांवर ठेवले.

"म्हणजे…" बंडू चाचरत म्हणाला, "आत काय आहे? तेही लिहिलंय?"

"आधी ढकला तर. कोण ढकलतंय ते सांगा मला."

"म्या," कुंडलिक म्हणाला. आणि वजनाचा विचार न करता त्याने बसायला खोकं ओढून घेतलं.

सुलूने बंडूकडे पेन मागितलं. त्याने खिशातून काढून दिलं. ते घेताना तिने वहीचं पान तळहाताने झाकलं, ते तिघांनाही दिसलं आणि नियमाप्रमाणे तिघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

"आणि बंडू," ती रेघेपुढे लिहिता लिहिता म्हणाली, "आत जाऊन चहाचं आधण ठेव. मला आता मध्येच उठता यायचं नाही."