मामाची जागा

एक वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि नवरदेव अजून पेट्रोल पंपासमोरच नाचत होता. पत्रिकेत लग्नाची वेळ छापली होती अकरा बावन्न.

घनश्याम मंगल कार्यालयाच्या फाटकात दात-ओठ खात उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कडक सफारी, आणि वरून महागावचं मे महिन्याचं ऊन. यवतमाळच्या स्टँडवर तो एसटीचा वाहतूक नियंत्रक. बावीस वर्षं खिडकीत बसून त्यानं गाड्यांच्या वेळा लिहिल्या, उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरांना झापलं, पाशिंजरांच्या शिव्या खाल्ल्या. एवढं करून या शहाण्यानं लग्नपत्रिकेतल्या वेळेवर विश्वास ठेवला. अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा माणूस सापडायचा नाही.

त्याला आज दोन लग्नं होती. दोन्ही सख्ख्या भाच्यांची, आणि दोन्हीकडे तोच एकटा मामा. इथं महागावात मोठ्या बहिणीची, विमलताईची सोनू. तिकडं बाभुळगावात धाकट्या रंजिताची सलोनी, साडेचारचा मुहूर्त. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच मामाचं काम. पण दोन बोहल्यांच्या मध्ये शंभरावर किलोमीटर रस्ता होता. त्यानं कागदावर आखणी केली होती. साडेबाराला इथून मोकळं, एकला मोटारसायकलला किक, आर्णीला पाणी, चारच्या आत बाभुळगाव.

खरं तर सलोनीची तारीख आधी ठरली होती. विमलताईनं मागून तीच धरली, कारण तिच्या नवऱ्याला, नागोरावांना, लग्नात आमदार साहेब हवे होते आणि साहेबांना तोच दिवस मोकळा होता. नागोरावांचं कृषी केंद्र, चार माणसांत ऊठबस, पुढं पंचायत समितीचा विचार. घनश्यामनं तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण विमलताईपुढं त्याची जीभ लहानपणापासून टाळूला चिकटायची. "हाव बाई, पाहू," म्हणाला आणि फसला.

दोन वाजता सलोनीचा फोन आला.

"मामा, निंगाले का?"

"निंगतोच बेटा. इथलं लागलं का निंगालोच."

"म्या पंडितजीले सांगून ठेवलं हाये. मामा आल्याबिगर मी खोलीतून निंगत नाई."

सलोनीचा बाप वणीला कोळशाच्या ट्रकवर होता, तिथंच अपघातात गेला. तेव्हा पोरगी दहा वर्षांची होती. पुढची सहा वर्षं मायलेकी घनश्यामच्या घरी राहिल्या. तिच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही त्याची, दहावीच्या पेपराला सायकलवर बसवून नेणारा तो. नंतर रंजितानं बाभुळगावात शिवणाचं दुकान टाकलं आणि आपलं बिऱ्हाड केलं, पण पोरीच्या तोंडी मामा तो मामाच राहिला.

सव्वादोनला वरात एकदाची फाटकाशी आली. घनश्यामनं विमलताईला गाठलं.

"बाई, आता लगन लावून टाक. मले जा लागते."

"सायेब आल्याबिगर कसं लागन? आर्णी सोडली म्हंते त्याहीनं."

"रंजिताकडं साडेचारचा मुहूर्त हाये."

"थांबतीन थे. तिच्याकडं कोन मोठं येऊन राह्यलं? आन सख्खा मामा असा निंगून गेला तं लोकं मले काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील! मुहूर्त टळून अडीच तास झाले, म्हातारी माणसं खुर्चीत वाळली, पोरं भुकेनं रडून झोपली, तेव्हा लोक काही म्हणत नव्हते. घनश्यामच्या अंगाची लाही लाही होत होती. तरी तो थांबला. थांबला याचाच त्याला जास्त राग आला.

साहेब तीन वाजून दहा मिनिटांनी आले. मग शाल, श्रीफळ, हार. मग साहेब बोलले. रस्त्यांवर बोलले, पाण्यावर बोलले, सोयाबीनवर बोलले, आणि शेवटी कुणीतरी कानात नाव सांगितल्यावर सोनूलाही आशीर्वाद दिले. इकडं अंतरपाट हातात धरून भटजी ताटकळले होते. साडेतीनच्या पुढं त्यांनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

घनश्यामनं फेटा सारखा केला आणि सोनूच्या खोलीकडं निघाला. तेवढ्यात नागोरावांनी माइक ओढून घेतला.

"आज आपल्या सोनूचे मामा म्हनून खुद्द सायेब उभे राह्यतीन! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. साहेबांनी हसत हसत सोनूचा हात धरला. फोटोवाला घनश्यामला म्हणाला, "काका, जरा बाजूले व्हा."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फेटा उतरवला आणि विमलताईच्या हातात कोंबला.

"मंग मले कायले बांधून ठेवलं, बाई? फेट्यासाठी एक डोस्कं कमी पडत होतं का?"

"घन्शा, हळू बोल. पाहुने पाहून राह्यले."

"हळू बोलूनच जिनगानी गेली माही! थिकडं रंजिताची पोर दरवाजा लावून बसली माह्यासाठी. बिनबापाची पोर. तिचा एक दिवस, थोही तुले सोडवला नाई. तुह्या घरचं पानी बी नको मले!"

पन्नास वर्षांत तो बहिणीशी पहिल्यांदा वरच्या आवाजात बोलला, आणि तेही धड कुणाला ऐकू गेलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली होती. खुर्च्यांमधून फाटकाकडं जाताना मागच्या रांगेतल्या लोकांनी फेकलेल्या अक्षता त्याच्याच अंगावर पडल्या.

रस्ताभर तो शिव्या देत आला. साहेबांना, नागोरावांना, त्या नाचणाऱ्या नवरदेवाला, स्वतःला. आर्णीला पाण्यासाठीही उतरला नाही. यवतमाळच्या अलीकडं ट्रक आडवा झालेला, तिथं अर्धा तास गेला. रंजिताला चारदा फोन लावला, तिनं उचलला नाही. सलोनीच्या पाठीशी तिच्या चुलत्यांपैकीच कुणीतरी उभा राहिला असणार. आजवर पोरीला साधी वही न घेऊन देणारे ते चुलते! ज्यानं माझी जागा घेतली त्याची कॉलर धरीन, असं ठरवूनच तो बाभुळगावात शिरला.

सहा वाजून गेले होते. शाळेच्या मैदानात मांडव, एका अंगाला पंगती, आणि स्टेजवर सलोनी आणि तिचा नवरा ऋतिक गळ्यात हार घालून उभे. रंजिता पंगतीत मठ्ठा वाढत होती. घनश्यामला पाहून तिनं जग खाली ठेवला.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"सव्वापाचले. नवरदेवाकडच्याहीनं पाऊन घंटा वाट पायली. चांगले लोकं हायेत."

"सलोनी निंगाली?"

"मीच आनली तिले. रडून राह्यली होती."

"आन मांगं कोन उभं राह्यलं? माह्या जागेवर कोन होतं, सांग मले! कोन्या सा..."

"मी होती."

घनश्याम तिच्याकडं बघतच राहिला. मंगलाष्टकं चालली असताना मुलीच्या आईनं समोर यायचं नसतं, ती तुळशीपाशी बसते. त्यात ही विधवा. सगळ्या मांडवासमोर ती तिथं जाऊन उभी राहिली होती.

"कोनी काही बोललं नाई?"

"बोलले. बोलू देल्लं."

"रंजे, त्याहीनं मले लय उशीर केला. बाईले नाई म्हनता आलं नाई मले."

"हाव," रंजिता म्हणाली. "मले म्हनता आलं."

तिच्या आवाजात रागही नव्हता. तिनं जग उचलला आणि पुढच्या ताटाकडं वळली. "जेवून घ्या बरं," ती म्हणाली. ती त्याला आजवर कधी अहो-जाहो बोलली नव्हती.

नवरा-नवरीला भेटायला स्टेजच्या पायरीपासून लोकांची रांग लागली होती. शेजारी, दुकानातली गिऱ्हाईकं, वरपक्षाकडची माणसं. घनश्यामनं रुमालानं तोंडावरची धूळ पुसली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. वरून सलोनीनं त्याला पाहिलं. ती पुढं बोलावील म्हणून तो थांबला. मग पुढची बाई एक पाऊल सरकली, तसा तोही सरकला.